धुतलेल्या पायऱ्या

आम्ही चिंचवडहून हॅनोव्हरला गेलो त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल कोणी विचारलं की मी बर्फाचं सांगते. ऐकणाऱ्यालाही तेच हवं असतं. केस धुऊन तशीच बाहेर पडले आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत वेणी काठीसारखी ताठ झाली, हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे की तो माझ्याच बाबतीत घडला की कोणाकडून ऐकलेला उचलला, हे आता मलाही छातीठोकपणे सांगता यायचं नाही. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मला जितकी थंडी वाजली त्याहून जास्त लाज वाटली. थंडीवर इलाज असतो. जाड मोजे मिळतात, लोकरीच्या लांब चड्ड्या मिळतात, आणि महिना-दोन महिन्यांत अंगही सरावतं. लाजेचं तसं नाही. पंधराव्या वर्षी तर नाहीच नाही.

बाबा मेकॅनिकल इंजिनियर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात होते, तिथून त्यांना मुख्य ऑफिसात बोलावणं आलं. आई मिरजेची. थंडी म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला पहाटे शाल घ्यावी लागते ती, एवढाच तिचा अनुभव. आमची इमारत तीन मजली होती. रस्त्यावरून तीन-चार दगडी पायऱ्या चढायच्या, मग इमारतीचं जड दार, आणि आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला आमचं दार. तळमजल्याची जागा तिथे कोणाला नको असते, म्हणून ती आम्हाला मिळाली होती हे मला पुढे कळलं. नोव्हेंबर लागला तसा आईने खिडक्यांच्या फटींत जुन्या सुती साडीच्या चिंध्या कोंबल्या आणि लढाईला बसल्यासारखी ती घरात बसली. घरातला प्रत्येक हीटर कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपलेला असायचा. एकावर शालीत गुंडाळलेलं दह्याचं पातेलं, दुसऱ्यावर इडलीचं पीठ, तिसऱ्यावर खोबरेल तेलाची बाटली, आणि उरलेल्या सगळ्यांवर आमचे कपडे, आतले-बाहेरचे सगळे, कसलाही पडदा न ठेवता. पलंग अजून घेतले नव्हते. गाद्या जमिनीवर होत्या, कारण बाबांच्या मते पलंग घेण्याआधी ‘नोकरीचं प्रोबेत्साईट’, म्हणजे परीक्षेचा काळ, सरायला हवा होता.

आईचा हिवाळी पोशाख मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते, आणला की हसूही येतं, तेव्हा येत नव्हतं. साडी, साडीच्या आत बाबांची गरम विजार, वर एकावर एक दोन स्वेटर, आणि डोक्याला तपकिरी माकडटोपी. ही टोपी ती घरातही काढत नसे. कुकरच्या शिट्ट्या, लसणाची फोडणी आणि टोपीतून बाहेर आलेलं आईचं नाक, असं आमचं स्वयंपाकघर होतं. संध्याकाळी, म्हणजे दुपारचे चार वाजताच अंधार पडायचा तेव्हा, ती हुलग्याचं माडगं करायची. येताना तिने हुलग्याचं पीठ कपड्यांच्या घड्यांमध्ये लपवून आणलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या माडग्यासाठी मी शाळेतून धावत घरी यायचे. वाटी दोन्ही हातांत धरायची, वाफ तोंडावर घ्यायची, आणि बोटं परत आपली वाटायला लागेपर्यंत बोलायचं नाही. आता डार्मश्टाटला माझ्या घरात मी कधी ते केलं तर माझा मुलगा खोलीचं दार लावून घेतो आणि आतून जर्मनमध्ये विचारतो की काही जळतंय का. मी त्याच्यावर चिडत नाही. चिडायला तोंड आहे कुठे मला?

कारण तेव्हा त्या वासाने मी हैराण झाले होते. खिडक्या बंद, फोडणी रोजची, आणि आमचे जाड कोट स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीवर. लोकर वास किती धरून ठेवते हे चिंचवडला कळायचं कारणच नव्हतं. शाळेत वर्गाबाहेर कोट टांगायच्या खुंट्या होत्या. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की माझ्या कोटाच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या रिकाम्या राहतात. कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी घरी येऊन आईवर ओरडले, फोडणी देऊ नकोस म्हणाले. आईने दोन दिवस बिनफोडणीची आमटी केली. बाबांनी तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं, आणि फोडणी परत आली.

आमच्या वर, पहिल्या मजल्यावर, फ्राऊ लोहमान राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आखूड पांढरे केस, ताठ पाठ, आणि सांगायचं ते एकदाच सांगायचं अशी पद्धत. आम्ही त्या घरात कसं जगायचं हे आम्हाला शिकवायचं, असं त्यांनी कोणी न सांगता मनावर घेतलं होतं. मला शाळेत दोन वर्षं जर्मन होतं, त्यामुळे घंटा वाजली की दारात जायचं काम माझं. त्या कधी बजावायला आलेल्या असत, की दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडा, पाच मिनिटं, नाहीतर भिंतींना बुरशी येईल. कधी त्यांच्या नवऱ्याचा जाड कोट हातावर घेऊन, “तुमचे वडील ज्या जाकिटात जातात ते सप्टेंबरचं आहे, आता डिसेंबर येईल,” असं सांगायला. एकदा आलुबुखारचा केक, कापून, वर कागद घालून. मी दार वीतभर उघडायचे, अंगाने ती फट भरून टाकायचे, आणि “डांके, डांके” म्हणत वस्तू आत घ्यायचे. माझ्या खांद्यावरून त्यांना हीटरवरच्या चड्ड्या दिसू नयेत, गाद्या दिसू नयेत, वास जाऊ नये, माकडटोपी दिसू नये. आतून आई विचारायची, “कोण आहे गं? अगं, आत घे की त्यांना. चहा टाकते.” मी म्हणायचे, “घाईत आहेत त्या.” फ्राऊ लोहमानना मराठी येत नव्हतं, पण पातेलं ठेवल्याचा आवाज कोणालाही कळतो. त्या क्षणभर थांबायच्या, मग जिना चढून जायच्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, ती बाबांना. इमारतीत एक लाकडी पाटी होती, तिच्यावर फावड्याचं चित्र. ज्याच्या दाराच्या मुठीला ती पाटी लटकेल त्याने आठवडाभर पायऱ्या आणि समोरचा रस्ता बर्फ काढून, खडी टाकून ठेवायचा. कोणी घसरून पडलं तर जबाबदार तो. बाबांना असले नियम मनापासून आवडायचे. पाटी आमच्याकडे आली तसे ते पहाटे उठून, ऑफिसचे कपडे घालून, वर तो फ्राऊ लोहमानच्या नवऱ्याचा कोट चढवून, पायऱ्यांवर बारीक खडी अशी पसरायचे की मापून ठेवल्यासारखी वाटावी. त्या आठवड्यात बर्फ पडला नव्हता, नुसतीच कोरडी, हाडं फोडणारी थंडी होती. तरी बाबांनी बुधवारी संध्याकाळी खडी टाकली.

आणि गुरुवार होता मार्गशीर्षातला पहिला. आईने महालक्ष्मीचं व्रत लग्नाआधीपासून कधी चुकवलं नव्हतं. नारळ मिळाला होता, पाच झाडांच्या डहाळ्यांऐवजी तिने घरामागच्या सूचिपर्णी झुडपाच्या पाच डहाळ्या आणल्या होत्या, आणि रांगोळीचा पुडा तर ती मिरजेहून घेऊनच आली होती. पांढरी पूड विमानतळावर पकडली तर काय सांगशील, यावरून बाबांनी तिला वाटभर छळलं होतं. त्या दिवशी बाबा लवकर निघून गेले होते. आई न्हाऊन, जरीकाठाची साडी नेसून, टोपी काढून ठेवून बाहेर गेली आणि पायऱ्यांवर बघते तर सगळी खडी. खडीवरून लक्ष्मी कशी येईल? तिने केरसुणीने पायऱ्या लख्ख झाडल्या. मग बादलीभर गरम पाणी नेऊन सडा टाकला, नुसता शिंपडला नाही, धुऊनच काढल्या. माहेरी ती रोज उंबरठा आणि अंगण असंच धुवायची. वरच्या पायरीवर रांगोळी काढली, हळदकुंकू वाहिलं, आणि खालपासून दारापर्यंत पावलं काढली, आत येणारी. मी दप्तर भरत होते तेव्हा ती हातावर फुंकर मारत आत आली आणि खुशीत म्हणाली, “इथली रांगोळी काय सुरेख बसते गं. पुसायचं नावच घेत नाही.”

मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणी शाळेतलं रस्त्यावरून जात असेल आणि आमच्या दारात हे सगळं बघेल, एवढंच माझ्या मनात आलं. ती पूजेला बसली, आणि घंटा वाजवणार तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला, आणि मागोमाग एक आवाज, ओरडल्याचा नाही, कोणी श्वास आत ओढावा तसा.

फ्राऊ लोहमान सकाळचे पाव आणायला रोज बेकरीत जायच्या. जाताना त्या कोरड्या पायऱ्यांवरून उतरल्या होत्या. परत आल्या तोवर पायऱ्यांवरचं पाणी गोठून काच झाली होती. त्या खालच्या पायरीशी कुशीवर पडल्या होत्या, एक पाय नको तिकडे वळलेला, कागदी पिशवी फाटून पाव रस्त्यावर घरंगळलेले. अंगातल्या करड्या कोटावर पांढरं आणि लाल लागलं होतं. लाल मला आधी रक्त वाटलं, मग कळलं की ते कुंकू आहे. वरच्या मजल्यावरच्या तरुणाने ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही आधी ते रक्तच वाटलं. मी “फार्ब, फार्ब,” रंग आहे तो, असं म्हणत राहिले. त्यांच्यातला एक जण स्वतःच घसरता घसरता वाचला, कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याने विचारलं, “इथे पाणी कोणी ओतलं?” तोवर समोरच्या घरातलीही दोघं-तिघं बाहेर आली होती. मी लगेच म्हणाले, “माझ्या आईने.” इतक्या लगेच, की त्याने प्रश्न नीट पुरा केला होता का हेसुद्धा आठवत नाही. सगळ्यांनी वर पाहिलं. आई दारात उभी होती, जरीची साडी, कपाळाला मळवट, हातात पूजेची घंटा तशीच. तिला शब्द कळले नव्हते, पण सगळे तिच्याकडे का बघतायत हे कळलं होतं. फ्राऊ लोहमानचे ओठ राखेसारखे झाले होते. त्यांना उचलून स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मेधा, आईला सांग, दार लावून घे. ऊब बाहेर जातेय.”

बाबांना फोन केला, ते टॅक्सी करून आले. पायऱ्यांवरचा बर्फ काढणं भाग होतं. आत गोठलेली रांगोळी खरवडून निघेना, तेव्हा त्यांनी फावडं उभं धरून ते सगळं फोडलं, टाय लावलेला, घाम गळतोय, एकेक पाऊल फोडत दारापर्यंत आले. आई खिडकीतून बघत होती. ते तिला एक शब्दही बोलले नाहीत, आणि बोलले असते तर बरं झालं असतं असं मला त्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा वाटलं. फ्राऊ लोहमानच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. हे आम्हाला वरच्या तरुणाने सांगितलं.

संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातले कुलकर्णीकाका आले. ते पंधराएक वर्षं तिथे राहत होते, आणि नव्याने आलेल्या मराठी माणसाला काय कळत नाही हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं. त्यांनी चहा घेतला, पायऱ्या पाहून आले, आणि म्हणाले, “हाफ्टफ्लिष्ट आहे ना तुझी? आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं तर भरपाई देणारा तो विमा? मग झालं. आता विमा कंपनी बघेल. फक्त एक लक्षात ठेव, कोणासमोर कबूल काही करायचं नाही. आमचं चुकलं, माफ करा, असलं काहीही नाही. तू चूक मान्य केलीस की विमावाले हात वर करतात, मग जन्मभर भरत बस. वहिनी, तुम्हीपण. गेनाऊ असंच.” त्यांना ‘गेनाऊ’ म्हणजे ‘अगदी तसंच’ हा शब्द प्रत्येक वाक्याला लावायची सवय होती.

ते गेल्यावर आई म्हणाली, “अहो, माणूस पडलंय ते. दवाखान्यात भेटायलाही जायचं नाही?”

“जाऊ ना. कंपनीचं उत्तर आल्यावर जाऊ.”

“तोवर त्यांना काय वाटेल?”

“अगं, व्हिसा नोकरीवर आहे. नोकरीचं अजून पक्कं नाही. मला काय बरं वाटतंय का? ज्यांचा कोट घालून मी हिंडतोय त्यांना मी...”  मी त्या वेळी बाबांच्या बाजूने होते. आईला मी सरळ सांगितलं, “तू काही बोलू नकोस. बाबा सांगतायत ते बरोबर आहे.” खरं कारण विमा नव्हतं. दवाखान्यात आईला घेऊन जायचं, तिथे तिने रडायचं, कदाचित पायाला हात लावायचा, आणि मी ते सगळं जर्मनमध्ये सांगत उभं राहायचं, याच्या कल्पनेनेच मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. बाबांनी दुसऱ्या दिवसापासून तो कोट घालणं बंद केलं. परत देताही येईना आणि घालताही येईना. सप्टेंबरच्या जाकिटात ते खोकत ऑफिसला जायचे.

पुढचे दिवस आम्ही इमारतीत चोरासारखे वावरलो. जिन्यात कोणी भेटलं तर “हालो” म्हणायचं आणि बुटांकडे बघायचं. आईने पुढच्या गुरुवारी घट मांडला नाही. पाटावर नुसता नारळ ठेवला, हात जोडले आणि उठली. फ्राऊ लोहमानच्या टपालपेटीतून बाहेर आलेली वर्तमानपत्रं ती रोज काढून, नीट घडी करून, त्यांच्या दारापाशी ठेवून यायची. ढीग वाढत चालला होता. एके दिवशी शाळेतून येताना जिन्यात एक उंच माणूस ती वर्तमानपत्रं खोक्यात भरताना दिसला. त्यांचा मुलगा. हायडेलबर्गला असतो, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, आईला आता एकटीला इथे ठेवणं शक्य नाही, दवाखान्यातून थेट माझ्याकडच्या बाजूला एका वृद्धाश्रमात नेतोय, शुक्रवारी. घर सोडतोय आम्ही. सगळं सभ्यपणे सांगितलं त्याने. मी कोण हे त्याला कळलं असावं, कारण तो लगेच पाठ वळवून परत खोकं भरायला लागला.

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती. तिने हात धुतले, पुसले, आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“शुक्रवारी त्या जाणार. मग मी कोणाला सांगू?”

“काय सांगायचंय तुला?”

“चुकलं म्हणून. आणखी काय सांगायचं असतं?”

 मग बाबांनी अटी घातल्या, त्यांच्या पद्धतीने. भेटायला जाऊ. आई नमस्कार करेल. बोलेल ती मेधा, आणि मेधा म्हणेल, तुम्हाला लागलं ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं, लवकर बऱ्या व्हा. बस. आईने मान हलवली. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं, इतक्या पटकन आईने कधीच काही मान्य केलेलं नव्हतं.

दवाखान्यात उकडत होतं. आम्ही तिघांनी एकावर एक घातलेलं सगळं काढून हातावर घेतलं, आणि त्या पांढऱ्या खोलीत आमच्या कोटांचा वास मला पहिल्यांदा आमचा म्हणून नाही, परक्याचा म्हणून आला. फ्राऊ लोहमान उशांना टेकून बसल्या होत्या. त्या इतक्या लहान झाल्या होत्या की मी आधी दुसऱ्याच खाटेकडे निघाले होते. आईने रव्याच्या लाडवांचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला, हात जोडले. मी बाबांनी घोटून घेतलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. तेवढ्यावर आम्ही निघूही शकलो असतो.

तेव्हा आई बोलली. जर्मनमध्ये. “इश बिन शुल्ड,” ती म्हणाली. चूक माझी आहे. “मी पाणी टाकलं. मी खडी काढली. मला माहीत नव्हतं. माफ करा.” उच्चार सगळे मिरजेचे, पण एकही शब्द चुकला नव्हता. कोपऱ्यावरच्या तुर्की भाजीवालीकडून तिने ते शिकून घेतलं होतं, भाजी घ्यायच्या निमित्ताने रोज जाऊन, हातवारे करून. घरात जर्मन येणारी दोन माणसं होती. त्यातल्या एकालाही तिने विचारलं नव्हतं, कारण आम्ही तिला सांगितलं नसतं. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची मान मागून लाल झालेली मला दिसत होती.

“हो,” फ्राऊ लोहमान म्हणाल्या. “ते मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून.” मग त्यांनी मला विचारलं, “पण का? इतक्या थंडीत पायऱ्या कोण धुतं? याचाच मी इथे पडल्या पडल्या रोज विचार करते.”

मी आईला विचारलं. आई सांगू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. गुरुवारचं व्रत असतं, लक्ष्मी घरी यायची असते, वाट स्वच्छ हवी, म्हणून पाणी, म्हणून पावलं. मी ते ऐकलं आणि म्हणाले, “आमच्याकडची एक पद्धत आहे.”

फ्राऊ लोहमाननी माझ्याकडे असं पाहिलं की मला दप्तर घरी विसरल्यासारखं वाटलं. “हे बघ, मेधा. तुझी आई एवढा वेळ बोलली, आणि तू चार शब्द सांगितलेस. ती काय म्हणाली ते सांग.”

मग मी सांगितलं. देवी, पावलं, सगळं. शरमेने माझ्या कानातून वाफा निघत होत्या, शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा मासिक खाली ठेवून ऐकत होती. फ्राऊ लोहमाननी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि? आली का ती?” टोमणा होता की खरंच विचारत होत्या, हे मला आजही ठरवता येत नाही. मी तो प्रश्न आईला मराठीत सांगितला.

आई त्यांच्याकडेच बघत होती. “सांग त्यांना,” ती म्हणाली, “आमच्या कहाणीत देवी म्हातारीचं रूप घेऊन दारात येते. त्या दिवशी माझ्या दारात सकाळी पहिली आली ती बाई म्हणजे ह्याच. आणि मी ह्यांना पाडलं.” एवढं म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

मी ते सांगितलं, या वेळी एकही शब्द न गाळता.  फ्राऊ लोहमान लाडवांच्या डब्याकडे बघत बसल्या.  मग त्यांनी मान वर केली, आणि आईकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मग मला आत बोलवायचं होतं. किती वेळा आले होते मी.”

“काय म्हणाल्या गं?” आईने विचारलं.

बाबांना जर्मन कळत होतं. ते खिडकीपासून वळून माझ्याकडे बघत होते. मी आईला सांगितलं, जसं त्या म्हणाल्या तसं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती रागावली असती, हात उगारला असता तरी चाललं असतं. पण तिने लगेच नजर वळवली, पुढे होऊन फ्राऊ लोहमानचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि मला म्हणाली, “सांग त्यांना, चुकलं आमचं.”

मी जर्मनमध्ये तसंच सांगितलं, आमचं चुकलं. माझं म्हणाले नाही.